आपत्ती असल्यास कळवावी

नानाखेड्याला माझं घर आहे. हे वाक्य मी सावकाश म्हणतो, आणि समोरच्याने ऐकलं नाही अशी शंका आली तर पुन्हा म्हणतो. वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर बांधलेलं, पूर्वेला खिडकी असलेलं, स्वतःचं घर. लोक विचारतात, "जयंतराव, नोकरीत राहून हे जमवलंत कसं?" मी नुसता हसतो. कारण खरं उत्तर असं आहे की हे घर होऊ नये म्हणून मी चार महिने जिवाचं रान केलं होतं.

मी तारघरातला माणूस. बावीस वर्षं खिडकीवर बसून लोकांचे शब्द मोजले. "आईची प्रकृती अत्यंत गंभीर आहे तरी कृपा करून मिळेल त्या गाडीने निघून यावे" असा मजकूर घेऊन कुणी रडत आला, तरी त्याला मी "आई गंभीर लगेच या" एवढ्यात बसवून दिलं आहे. एका शब्दाने काय होतं आणि काय टळतं, ते माझ्याइतकं उज्जैनमध्ये कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. दिवसभर शब्द वाचवल्यामुळे संध्याकाळी ते सढळ हाताने उधळायची मला सवय लागली, हे तुम्हाला माझी बायको नंदा सांगेल. खरं म्हणजे नाही सांगणार. नंदा फार कमी बोलते. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

ब्याण्णवचा सिंहस्थ आटोपला, साधू गेले आणि त्यांच्या जागी प्रॉपर्टीवाले आले. देशात उदारीकरण की काय ते आलं होतं. आमच्या फ्रीगंजात त्याचा अर्थ एवढाच झाला की जो तो प्लॉटबद्दल बोलायला लागला. पूर्वी माणूस भेटला की "मुलगी कुठे दिली?" असं विचारायचा, तो आता "कुठे घेतला?" विचारू लागला. मी कुठेच घेतला नव्हता. तिथेच, माधवनगरात, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि सुखी होतो, म्हणजे तोवर मला तसं वाटत होतं.

टावर चौकात, गरम दुधाची कढई असलेल्या दुकानासमोर एक बाक आहे. संध्याकाळी सहा ते साडेसात त्यावर आमचं मंडळ बसायचं. मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी दरबारात दफ्तर सांभाळायला आले, त्याबद्दल त्यांना गावं मिळाली, ती पिढ्यान्‌पिढ्या विकत विकत घराणं भय्यासाहेबांपर्यंत पोचलं. उरलेली पाच शेतं त्यांनी स्वतः विकली. "जमीन विकायची कशी, हे माझ्याकडून शिका," असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. विकायला आता त्यांच्याकडे काही राहिलं नव्हतं. दुसरे गोपाळराव, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. त्यांचे तीन प्लॉट होते. पहिल्यावरून विजेची मोठी तार गेली होती, दुसऱ्यातून नाला गेला होता, आणि तिसरा कुठे आहे याचा शोध चालू होता. ज्याला एवढे फटके बसले आहेत त्याला अनुभवी म्हणायचं, हा मंडळाचा नियम असल्यामुळे गोपाळराव फार अनुभवी होते.

"जयंतराव," भय्यासाहेब म्हणायचे, "प्लॉटमध्ये माणसाने नाही राहायचं. प्लॉटमध्ये पैसा राहतो. आज घ्या, दो साल रुका, विकून टाका. जो बांधून बसला तो फसला, समझो."

"एकदम पक्की बात," गोपाळराव म्हणायचे. "बांधलं की भाव गेला. नानाखेड्याला जा तुम्ही. तिकडे आज कुत्रे भुंकून राहिले आहेत, उद्या बसेस भुंकतील."

या मंडळात मी एकटाच बिनप्लॉटचा. मी बोलायला लागलो की दोघं दुधावरची साय बघत बसत. मानी माणसाला हे किती दिवस सहन होणार? मी प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम उचलायचं ठरवलं. अर्जात कारण लिहावं लागतं. "भाव वाढल्यावर विकून टावर चौकात मान मिळवण्यासाठी" असा रकाना त्यात नव्हता, म्हणून मी सगळे लिहितात तसं "स्वतःचे घर बांधण्यासाठी" असं लिहिलं. अर्ज टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो. परत आलो तर टेबलावर नाही. नंदाने तो देवापुढे नेऊन ठेवला होता आणि त्यावर जास्वंदीचं फूल वाहिलं होतं. मला वाटलं, अर्ज मंजूर व्हावा म्हणून असेल.

प्लॉट घेतला. रजिस्ट्रीला पहिली ठेच लागली ती माझ्या नावाची. माझं आडनाव करमळकर. हिंदी टाइपरायटरवर ळ नाही, त्यामुळे कागदावर झालं करमलकर. नोकरीच्या दाखल्यावर मात्र आमच्या साहेबांनी हाताने, ठसठशीत ळ काढलेला. "ये तो दो अलग आदमी हो गए," असं मला सांगण्यात आलं. तेव्हा दोन्ही माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. ते टाइप होऊन आलं: "मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि करमलकर और करमलकर एक ही व्यक्ति हैं।" यावर मी सही केली. वडिलांनी आयुष्यभर जपलेला ळ मी दहा मिनिटांत घालवला.

प्लॉट ताब्यात आल्यावर भय्यासाहेबांच्या सल्ल्याने त्यावर पाटी लावली: "यह भूखंड श्री करमलकर का है। कृपया यहाँ कचरा न डालें।" तोवर तिथे कचरा टाकता येतो हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आठ दिवसांत ढीग झाला. पंधराव्या दिवशी पाटीच गेली. महिन्याने बस स्टँडवर चहा घेतला, तर कप ज्या फळीवर ठेवला होता तिच्यावर माझं नाव होतं. चहावाल्याला म्हटलं, "ये पाटी मेरी है." तो म्हणाला, "तो बैठो ना साब, आपका ही है सब." एवढ्या आदराने बोलणाऱ्या माणसाशी भांडणार काय? मी नवी पाटी केली.

दर रविवारी आम्ही टेंपोत बसून प्लॉट बघायला जायचो. रिकामी जमीन एका आठवड्यात फारशी बदलत नाही, पण मालकाला बदलल्यासारखी वाटते. सतरंजी, चिवडा, पाण्याचा तांब्या, आणि आम्ही तिघं: मी, नंदा आणि अक्का.

अक्का म्हणजे माझी आत्या. मिरजेला मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं, लग्न केलं नाही, आणि गुडघे गेल्यावर आमच्याकडे आली. आमच्या घराला अठ्ठावीस पायऱ्या. ती आठवड्यातून एकदा, रविवारी, मोजत उतरायची आणि मोजत चढायची. उरलेले सहा दिवस वर बसून हिंदी वर्तमानपत्र वाचायची. अक्काला हिंदी येत नव्हतं. पण ते तिला मान्य नव्हतं. "लिपी आपली, शब्द संस्कृत. मग अर्थ काय वेगळा असणार आहे?" असा तिचा सवाल. त्यामुळे ती बातम्या अशा सांगायची:

"नंदा, इथे शिक्षेला वेगळा मंत्री आहे गं. म्हणून लोक सरळ वागतात."

किंवा, "रस्त्यावर यातायात पोलीस नेमलेत. माणसाची यातायात बघायला पोलीस! आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही."

किंवा, "जयू, सोमवारी जा कचेरीत. सगळ्या कार्यालयांत अवकाश आहे म्हणून छापलंय. निवांत काम होईल."

मी एकदा सांगून पाहिलं की अक्का, इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण, यातायात म्हणजे वाहतूक आणि अवकाश म्हणजे सुट्टी. तिने चष्म्यावरून असं काही पाहिलं की मला माझी सहावीची प्रगतिपुस्तकं आठवली. बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईला शब्दाचा अर्थ सांगण्याची छाती माझ्यात नव्हती. नंदा तर पदर तोंडाला लावून आत जायची.

तर रविवारी प्लॉटवर गेलो की नंदा नेहमी त्याच एका दगडावर, पूर्वेकडे तोंड करून बसायची. एकदा म्हणाली, "इथे सकाळचं ऊन छान येत असेल, नाही?"

"वा!" मी म्हटलं. "घेणाऱ्याला सांगायला चांगला मुद्दा आहे."

तिने चिवड्याचा डबा उघडला. थोड्या वेळाने म्हणाली, "अक्कांना इथे पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत."

"हाही चांगला मुद्दा," मी म्हटलं, आणि डायरीत लिहून घेतला. माझ्यासारखा शब्दांचा जाणकार माणूस दुसरा नाही, हे मी वर सांगितलंच आहे.

चौथ्या महिन्यात भय्यासाहेबांनी गिऱ्हाईक आणलं. देवासचे एक कापडवाले शेठ. दुप्पट द्यायला तयार. चार महिन्यांत दुप्पट! मी ती बातमी बाकावर बसून स्वतःच्या तोंडाने सांगितली तेव्हा गोपाळरावांनी सायीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "मान गए," एवढंच म्हणाले. ती संध्याकाळ मी आजही विसरलेलो नाही. नंदाला सांगितलं, "सौदा होतोय." तिने "बरं" म्हटलं आणि कुकरची शिटी मोजायला आत गेली.

शेठची एकच अट होती. आधी सरकारी दफ्तरात जमीन तुमच्या नावावर चढू द्या, म्हणजे नामांतरण करून घ्या, मग आम्ही घेऊ. ज्या कचेरीत हे काम होतं तिचं नाव मी सांगत नाही. माझं अजून तिथे काम पडतं. तिथल्या पालीवाल बाबूंनी अर्ज घेतला आणि रीतीप्रमाणे सूचना काढली. एक प्रत प्लॉटवरच्या माझ्या पाटीवर चिकटवली गेली.

त्या रविवारी शेठ आले होते. मी त्यांना प्लॉटच्या चारी कोपऱ्यांवरून फिरवून सकाळच्या उन्हाचा मुद्दा सांगत होतो. अक्का काठी टेकत पाटीसमोर उभी होती आणि मोठ्याने वाचत होती: "सर्वसाधारण को सूचित किया जाता है कि उक्त भूखंड के नामांतरण के संबंध में किसी को कोई भी आपत्ति हो तो पंद्रह दिवस के भीतर लिखित में प्रस्तुत करें। पश्चात् प्राप्त आपत्ति पर विचार नहीं किया जावेगा।"

तिने ते दोनदा वाचलं. मग हाक मारली. "जयू, हे कुणीही लिहिलं तर चालतं?"

"हो हो, कुणीही," मी तिसऱ्या कोपऱ्यावरून ओरडलो.

"आणि खरंच विचार करतात?"

"करावाच लागतो. कायदाच आहे तसा."

"धन्य आहे हो," अक्का म्हणाली, आणि तिने चष्मा काढून पदराने पुसला. एखाद्या रिकाम्या प्लॉटवर म्हाताऱ्या माणसाचे डोळे कशाने भरून येतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण शेठ तेव्हा पावलांनी लांबी मोजत होते, आणि मी त्यांची पावलं मोजत होतो.

चौदाव्या दिवशी मी सहज कचेरीत डोकावलो. पालीवाल बाबूंनी पान गालात सरकवलं आणि म्हणाले, "तारबाबू, आपके केस में तो आपत्ति लग गई."

"आपत्ति? किसकी?"

"कोई मथुरा करमलकर हैं. रजिस्टर्ड डाक से आई है. दो पन्ने की."

मी खुर्चीवर बसलो. ती खुर्ची तीन पायांची होती, हे मला बसल्यावर कळलं. मथुरा हे अक्काचं नाव.

"क्या लिखा है?"

"अब मराठी में है, हमसे तो पूरी पढ़ी नहीं गई. पर आपत्ति शब्द जगे-जगे लिखा है, तो हमने लगा दी. बुधवार को सुनवाई है." वाचायला मागितली तर म्हणाले, सुनावणीच्या आधी नक्कल मिळत नाही.

संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक झाली. "आत्याचा हिस्सा!" भय्यासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "मी तर बोलतच होतो, घरातूनच निघतो लफडा. आमच्याकडे तीन पिढ्या आत्यांनीच अडवून ठेवलं."

"पण भय्यासाहेब, प्लॉट माझ्या फंडातून घेतला आहे. आत्याचा काय संबंध?"

"संबंध नंतर निघतो, दावा आधी. तिचा वकील कोण?"

"ती घराबाहेरच पडत नाही हो!"

"म्हणजे वकील घरी येऊन राहिला आहे," गोपाळराव गंभीरपणे म्हणाले. "नजर ठेवा. आणि एक बात, सुनवाईपर्यंत समोरच्या पार्टीशी केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कायदा आहे."

असा कायदा आहे की नाही, मला माहीत नाही. पण मी दुखावलो होतो. जिला मी आईच्या जागी मानलं, तिने माझ्या पाठीमागे रजिस्टर्ड पोस्टाने वार करावा, आणि तोही मी जिथे नोकरी करतो त्याच्या शेजारच्याच खिडकीतून! मी दोन दिवस अक्काशी बोललो नाही. बोलत नाही हे तिला कळावं म्हणून तिच्यासमोर बसून बोललो नाही. समोरची पार्टी मला गरम थालीपीठ वाढत होती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, "पोट साफ नाही वाटतं" असं म्हणाली, आणि ओवा आणि काळं मीठ हातावर ठेवलं. मी ते खाल्लं. अपमान गिळता येतो, पण ओवा चावावा लागतो.

शेठना बातमी आमच्या आधी पोचली होती. "झगड़े की जमीन नी लेना अपने को," असा निरोप देवासहून आला. बुधवारी काही निकाल लागला तर बघू, एवढी मात्र त्यांनी जागा ठेवली. म्हणजे बुधवारी अक्काची आपत्ती फेटाळली जाणं आवश्यक होतं. माझी दुप्पट, माझा बाकावरचा मान, सगळं त्या दोन पानांखाली दबलं होतं.

बुधवारी अकरा वाजता आम्ही कचेरीत हजर. अनुभवी माणसं जवळ असावीत म्हणून भय्यासाहेब आणि गोपाळराव आले होते. अक्का नंदाचा हात धरून रिक्षातून उतरली. इरकली लुगडं, अंगावर शाल. सत्काराला आल्यासारखी दिसत होती.

अधिकारी तरुण होते, बुंदेलखंडाकडून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी दोन पानं उलटसुलट केली. "ये मराठी कौन पढ़ेगा?" खोलीतल्या पाच जणांनी हात वर केले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आप ही पढ़िए. सरकारी आदमी हैं. पढ़िए और हिंदी में बताते जाइए."

आपल्याविरुद्धचा मजकूर आपणच भर कचेरीत वाचून आपणच त्याचा अनुवाद करायचा, हा प्रसंग माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्याही करमळकरावर आलेला नाही. मी वाचायला लागलो. अक्षर मोत्यासारखं होतं.

"सा. न. वि. वि. आपण आपत्ती विचारल्यात. सत्तर वर्षांत मला कोणी विचारल्या नव्हत्या, म्हणून प्रथम आभार. आपत्ती पहिली. माझे दोन्ही गुडघे कामातून गेले असून आमच्या बिऱ्हाडास अठ्ठावीस पायऱ्या आहेत. देवदर्शन, बाजार, शेजार सर्व तुटले. मी खाली उतरते ती केवळ रविवारी."

मी हिंदी केलं. "घुटने. सीढ़ियाँ."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "बस? ये तो पाँच लाइन हैं."

"साब, ये तारबाबू हैं," पालीवाल म्हणाले. "इनकी आदत है."

मी पुढे सरकलो. "आपत्ती दुसरी. घरमालक एक दिवसाआड पाणी सोडतात व आम्ही किती बादल्या भरल्या ते जिन्यात उभे राहून मोजतात. नंदा भरते व ते मोजतात. आपत्ती तिसरी. माझा भाचा जयंत स्वभावाने चांगला आहे, परंतु टावर चौकात बसतो." इथे मी थांबलो. पुढची ओळ मी डोळ्यांनी वाचली होती.

"आगे?"

"आगे... मित्रों की प्रशंसा है."

"जयू," अक्का मागून म्हणाली, "गाळायचं नाही. गाळलेल्याला गुण नाहीत."

मी वाचलं. "तेथे दोन गृहस्थ आहेत. एकाकडे जमीन उरली नाही आणि दुसऱ्याला स्वतःची सापडत नाही. ते जयंतला जमिनीविषयी सल्ला देतात."

याचं हिंदी करायची गरज पडली नाही. भय्यासाहेबांचा चेहराच पुरेसा होता. गोपाळराव खिडकीबाहेर बघत होते. बहुतेक तिसरा प्लॉट दिसतो का ते पाहत असावेत.

"आपत्ती शेवटची," मी वाचलं, "आणि खरी. ही माझी नाही, नंदाची आहे. ती लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. फंडाच्या अर्जात 'स्वतःचे घर बांधण्यासाठी' असे जयंतने स्वहस्ते लिहिले. ते तिने वाचले आणि खरे मानले. तेव्हापासून दुपारी सवड मिळेल तशी ती तारेच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर घर काढते. आजवर एकोणीस घरे झाली. प्रत्येकात माझी खोली तळाला आहे, एकही पायरी नसलेली. प्रत्येकात संध्याकाळी जयंतने खुर्ची टाकावी म्हणून पुढे ओटा आहे. स्वतःसाठी तिने फक्त पूर्वेची एक खिडकी ठेवली आहे. आता जमीन विकणार असे कळते. विकल्यास ही एकोणीस घरे एका दिवसात पडतील. भूकंपात एवढी पडली तर त्यास सरकार आपत्तीच म्हणते. सोबत नमुन्यादाखल एक घर जोडले आहे. तरी विचार व्हावा."

याचं हिंदी मी केलं. सगळं केलं. एकही शब्द गाळला नाही, मोजला तर नाहीच. टाचणीने जोडलेला तो फॉर्म माझ्याच खिडकीवरचा होता. मी तो उलटला. पट्टीने आखलेल्या रेघा, स्वयंपाकघर, खिडकी, ओटा. ओट्यावर एक छोटा चौकोन आणि त्यात नंदाच्या बारीक अक्षरात दोन शब्द: "यांची खुर्ची."

मी नंदाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तिला अक्काने हे काय लिहिलंय याची कल्पना नव्हती. पाकीट फक्त तिने पोस्टात नेऊन रजिस्टर केलं होतं. शब्दाशब्दाचे दाम घेणाऱ्या मला, माझ्याच घरात चार महिने पाठवलेला हा मजकूर पोचला नव्हता. मला मनापासून लाज वाटली.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग अदबीने म्हणाले, "माताजी, तो आपको इस बात पर एतराज़ है कि ज़मीन इनके नाम चढ़े?"

"एतराज?" अक्का दचकली. "छे छे! मेरा भाचा है. उसके नाम पर नहीं, तो किसके नाम पर?"

"तो फिर ये आपत्ति?"

"आपनेच पुछी ना? पाटी पर लिखा था, किसी को कोई भी आपत्ति हो तो कळवा. मैंने कळवी."

अधिकाऱ्यांनी पालीवालांकडे पाहिलं, पालीवालांनी माझ्याकडे. शेवटी भय्यासाहेबच पुढे झाले. दरबारी रक्त अशा वेळी कामाला येतं. "साब, क्या है ना, आपकी हिंदी में आपत्ति मतलब एतराज़, हमारी मराठी में आपत्ती मतलब मुसीबत. संकट."

पालीवाल बाबूंना पान सांभाळता येईना. अधिकाऱ्यांनी तोंडासमोर फाईल धरली आणि फाईल हलत राहिली. मग ती खाली ठेवून, डोळे पुसून त्यांनी विचारलं, "तो करमलकरजी, बताइए. माताजी की आपत्ति का निराकरण हम करें कि आप करेंगे?"

भय्यासाहेबांनी मला कोपर मारलं. त्या कोपरात देवासचे शेठ होते, दुप्पट होती, बाकावरचा मान होता. मी फॉर्म खिशात घातला.

"लिख लीजिए साहब," मी म्हटलं. "मकान बनेगा."

त्यांनी तसं लिहिलं. ती फाईल आजही तिथे आहे, आणि तिच्यावर सरकारी शिक्क्यासह नोंद आहे की आपत्तिकर्त्याच्या आपत्तीचं निराकरण आवेदक, म्हणजे अर्जदार, स्वतः करेल. बायकोचं ऐकण्याचा लेखी हुकूम असलेला मध्य प्रदेशातला मी एकटाच नवरा असेन. बाहेर आल्यावर अक्काने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बघ," ती म्हणाली, "पंधरा दिवसांच्या आत दिली म्हणून विचार झाला."

घर बांधायला दीड वर्ष लागलं. त्यात सिमेंटची वाट पाहण्यात गेलेले दिवस होते, गवंड्याच्या घरची चार लग्नं होती, आणि मंडळाचे सल्ले होते. भय्यासाहेबांनी दार उत्तरेला फिरवायला सांगितलं, गोपाळरावांनी जिना बाहेर काढायला. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि नकाशाप्रमाणे बांधलं. नकाशा एकोणिसावा. दारावरच्या संगमरवरी पाटीसाठी रामघाटाकडच्या एका कारागिराला सांगितलं, तर तो म्हणाला, "ये अक्षर हमने कभी नहीं खोदा." अक्का रिक्षाने गेली आणि खडूने दगडावर ळ काढून देऊन आली. नानाखेड्यातला तो पहिला ळ आहे असा माझा दावा आहे, आणि आजवर तो कुणी खोडून काढलेला नाही. येणाऱ्याला मी आधी ती पाटी दाखवतो, मग पाणी विचारतो.

मंडळ आता टावर चौकात बसत नाही, माझ्या ओट्यावर बसतं. दूध नंदा देते. अक्का तिच्या खालच्या खोलीतून बिनपायऱ्यांची बाहेर येते आणि वर्तमानपत्र वाचून दाखवते, भय्यासाहेब "वा!" म्हणतात. आणि जमिनीचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा असतो, कारण तिघांत स्वतःच्या प्लॉटवर उभा राहून बोलणारा मी एकटा आहे.

परवाच्या रविवारी दारात एक पांढरी गाडी थांबली. देवासचे शेठ. इकडे आता बस स्टँड गजबजला आहे, त्यांना कोपऱ्यावर दुकान काढायचं आहे. त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून गोपाळरावांच्या हातातला पेला बशीवर आपटला. भय्यासाहेबांनी कोपर उचललं, पण या वेळी मारलं नाही. तेही शिकले.

मी शेठना थांबा म्हटलं आणि आत गेलो. नंदा पूर्वेच्या खिडकीशी तांदूळ निवडत होती. इतक्या वर्षांत जे मी कधी केलं नव्हतं ते केलं. तिच्यासमोर बसलो आणि विचारलं.

"शेठ घर मागतायत. तुला काही आपत्ती?"

तिने ताटातला एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला. मग हसून म्हणाली, "मराठीतली एकही नाही. हिंदीतली आहे."

पाच शब्द. बावीस वर्षांत इतका चोख मजकूर माझ्या खिडकीवर आला नव्हता. मी तो जसाच्या तसा ओट्यावर नेऊन पोचवला.